जलपर्णीने धातू घेतला, पुढे काय?

दर उन्हाळ्यात पुण्यातल्या मुळा-मुठेवर, पवनेवर, इंद्रायणीवर जलपर्णी माजते. महापालिकेची यंत्रं ती उपसायला उतरतात, आणि पुलावरून बघणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतो, "अहो, ही पाणी साफ करते म्हणतात ना? मग काढता कशाला?"

प्रश्न रास्त आहे. जलपर्णी पाण्यातलं शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम खरोखर ओढून घेते. 'नासा' या अमेरिकी अंतराळ संस्थेत बिल वॉल्व्हर्टन यांनी १९७० च्या दशकात मिसिसिपी राज्यातल्या केंद्रावर जलपर्णीच्या तळ्यांतून सांडपाणी सोडून पाहिलं. शिसं आणि पाराही ती पाण्यातून काढते, हे त्यांनी १९७५ मध्ये नोंदवलं. तेव्हापासून जगभर यावर प्रयोग चालू आहेत. फक्त काढलेला धातू जातो कुठे, हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं. आपल्या गावतळ्यासाठी, शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा लहानशा कारखान्यासाठी असं काही करायचं मनात असेल, तर त्या प्रश्नापर्यंत पायरी-पायरीने जाऊ.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण जिवाणू खातात आणि ती संपते. धातू संपत नाही. शिशाचा अणू कुजत नाही, जळत नाही, त्याचं दुसरं काही होत नाही. तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवता येतो, बस. वनस्पती नेमकं हेच करतात. हजारो लिटर पाण्यात विरलेला धातू त्या काही किलो पाल्यामुळांत आणून ठेवतात. वनस्पतींकडून प्रदूषण काढून घेण्याच्या या पद्धतीला फायटोरेमेडिएशन म्हणतात. त्यातला पाण्यात मुळं सोडून धातू टिपायचा जो प्रकार, तो रायझोफिल्ट्रेशन, म्हणजे मुळांची गाळणी.

पहिली पायरी तपासणीची. पाणी काळं आहे, वास येतो, यावरून धातूचं काहीच कळत नाही. धातू असलेलं पाणी काचेसारखं नितळ असू शकतं. नमुना घेताना स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या आणि त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा. बहुतेक धातूंसाठी नमुन्यात लगेच थोडं नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि अहवालात पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतं. हे आम्ल प्रयोगशाळेकडूनच घालून घ्या. षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचा विषारी प्रकार, तपासायचा असेल तर मात्र आम्ल घालायचं नाही. आम्लात तो साध्या, म्हणजे त्रिसंयुजी, क्रोमियममध्ये बदलतो. ती बाटली वेगळी भरायची, बर्फात ठेवायची आणि एका दिवसात पोहोचवायची.

प्रयोगशाळेला आणखी एक गोष्ट सांगा: एक नमुना गाळून तपासा, एक न गाळता. गाळलेल्या पाण्यातला आकडा विरघळलेल्या धातूचा. दोन्हींतला फरक म्हणजे कणांना चिकटून तरंगणारा धातू. वनस्पतींचं काम मुख्यतः विरघळलेल्या धातूवर चालतं, त्यामुळे या दोन आकड्यांवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

गोव्यात डिचोली-सत्तरी भागात लोहखनिजाच्या खाणींखालून पावसात वाहणारं लाल पाणी आठवा. त्यातला बराचसा धातू बारीक मातीच्या रूपात असतो. असं पाणी थेट वनस्पतींच्या टाकीत सोडलं तर मुळांवर लाल थर बसतो, मुळं गुदमरतात आणि आठवड्याभरात झाडं माना टाकतात. म्हणून दुसरी पायरी गाळ बसवण्याची. पाणी एका टाकीत संथ ठेवायचं आणि वरचं निवळलेलं पाणी पुढे सोडायचं.

याच टाकीत सामू पाहून घ्या. सामू म्हणजे पाणी किती आम्ल किंवा किती अल्क आहे याचं माप. ७ च्या खाली आम्ल, वर अल्क. जलपर्णीला ६ ते ८ सामू मानवतो. पाणी फार आम्ल असेल तर आम्लाचे कण मुळांवरची जागा आधीच अडवून बसतात, धातूला चिकटायला जागाच उरत नाही. झाडही आजारी पडतं. अशा वेळी चुन्याची निवळी घालून सामू वर आणायचा. चुन्यामुळे बराच धातू तिथेच गाळ होऊन बसतो, हा आणखी एक फायदा.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. मुलामा देण्याच्या कारखान्याचं दाट पाणी थेट वनस्पतींवर सोडू नये. त्याला चुना आणि नेहमीची रासायनिक प्रक्रियाच हवी. षट्संयुजी क्रोमियम असेल तर त्याचं आधी साध्या क्रोमियममध्ये रूपांतर करून मग चुना. या प्रक्रियेनंतर पाण्यात थोडा धातू उरतोच आणि तो काढायला रसायनं महाग पडतात. वनस्पतींचं खरं काम तिथे सुरू होतं. 'फक्त जलपर्णीवर चालणारा प्रकल्प' अशी जाहिरात कोणी केली, तर त्याच्याकडे आत येणाऱ्या पाण्याचा अहवाल मागा.

आता झाड कोणतं? पाण्यावर तरंगणाऱ्यांत जलपर्णी, गोंडाळ, टिकलीएवढ्या पानांची डकवीड आणि दूधवाल्यांच्या ओळखीचा अझोला. चिखलात मूळ धरून उभं राहणाऱ्यांत पाणकणीस, नळ, कर्दळ, वाळा. तरंगणारी झाडं मुळासकट उचलता येतात आणि धातू त्यांच्याबरोबर बाहेर पडतो, ही त्यांची जमेची बाजू. उभी झाडं वर्षानुवर्षं टिकतात, पण त्यांच्याकडचा बहुतेक धातू मुळांत आणि भोवतालच्या चिखलातच राहतो. वरची पानं कापून नेली तरी त्यातून फार थोडा जातो.

मूळ-गाळणीसाठी झाड पाण्यातलंच हवं असंही नाही. चेर्नोबिलजवळच्या एका तळ्यात १९९० च्या दशकात तराफ्यांवर सूर्यफुलं लावून त्यांची मुळं पाण्यात सोडली होती. तिथे काढायचं होतं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम. आपल्याकडे कोलकात्याच्या पूर्वेला सांडपाण्यावर मासे वाढवणाऱ्या 'भेडी' आहेत, म्हणजे उथळ तळी. २००२ मध्ये त्या परिसराला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथले मच्छीमार तळ्याच्या काठाने जलपर्णीचा पट्टा मुद्दाम राखतात. लाटांनी काठ खचत नाही आणि पाण्यातले धातूही थोडे अडतात.

मुळात नेमकं काय होतं, ते जलपर्णीचं एक रोप हातमोजे घालून उचललं की निम्मं समजतं. खाली काळपट जांभळी, पिसासारखी मुळं लोंबत असतात. एकेका मुळाला दोन्ही बाजूंनी केसाएवढे असंख्य बारीक फाटे. इतकी मुळं म्हणजे पाण्याला टेकणारा पृष्ठभाग केवढा! त्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि पाण्यातल्या शिशा-निकेलच्या कणांवर धन. ते चिकटतात. हे काम झाड जिवंत असण्यावर अवलंबून नाही, वाळलेली मुळंही ते करतात. म्हणून पहिल्या काही तासांत धातूचा आकडा झपाट्याने उतरतो आणि लोक खूश होतात.

नंतरचा भाग संथ आणि जिवंत झाडाचाच. झाडाला जस्त, लोह, स्फुरद हवं असतं आणि ते आत घ्यायला मुळांच्या पेशींवर दारं असतात. कॅडमियम जस्त-लोहाच्या दारातून घुसतं, आर्सेनिक स्फुरदाच्या दारातून. आत आल्यावर झाड स्वतःला वाचवण्यासाठी फायटोकेलाटिन नावाचे छोटे प्रथिनासारखे रेणू बनवतं. ते कॅडमियमसारख्या धातूला घट्ट धरतात आणि पेशीतल्या रसाने भरलेल्या कप्प्यात नेऊन कोंडतात. क्रोमियमची गोष्ट आणखी वेगळी. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात क्ष-किरणांनी तपासल्यावर असं दिसलं, की विषारी षट्संयुजी क्रोमियम दिलेल्या जलपर्णीत सापडलं ते कमी घातक त्रिसंयुजी क्रोमियम. झाडाने ते बदलून टाकलं होतं. ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात देशातल्या क्रोमाइटचा बहुतेक साठा आहे, आणि तिथल्या खाणींच्या पाण्यावर जलपर्णीचे प्रयोग झाले ते याच गुणामुळे.

पाणकणीस आणि नळ यांची तऱ्हा निराळी. पानांतून खाली आलेली हवा त्यांच्या मुळांतून चिखलात झिरपते, त्यामुळे मुळांवर लोखंडाच्या गंजाचा तांबूस थर चढतो. हा थर आर्सेनिक पकडून ठेवतो. हवा न पोहोचणाऱ्या खोल चिखलात वेगळे जिवाणू असतात. ते विरघळलेल्या धातूचं सल्फाइड बनवतात, आणि ते पाण्यात विरघळत नाही, काळा गाळ होऊन बसतं. अशा पाणथळीत धातू अडवण्याचं मोठं काम खरं तर हा चिखल करतो. नाव मात्र झाडाचं होतं.

जाता जाता: हीच दारं अळूच्या, पालकाच्या, शिंगाड्याच्या मुळांनाही असतात. मुंबईत रेल्वे रुळांकडेला नाल्याच्या पाण्यावर वाढणाऱ्या पालेभाजीची चिंता वाटते ती म्हणूनच. आपण कौतुकाने ज्याला शोधन म्हणतो, तेच ताटात आलं की विषबाधा.

पुढची पायरी टाकीची, आणि हिशेबाची. टाकीला तळाशी आणि बाजूंनी जाड प्लास्टिकचं अस्तर किंवा सिमेंट हवंच, नाहीतर धातू झिरपून शेजारच्या विहिरीत जाईल. ओढ्याला, नाल्याला किंवा नदीला ती जोडलेली नको. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आली आणि देशभर पसरली. तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. एखादं रोप पावसाळी पाण्याबरोबर सुटलं, की पुढची कटकट अख्ख्या तालुक्याची. टाकी भरून वाहू नये म्हणून काठ उंच आणि बाहेर जाणाऱ्या नळाला जाळी, एवढं तरी करा.

आता समजा आपल्याकडे २०,००० लिटर पाणी आहे आणि त्यात लिटरला २ मिलिग्रॅम निकेल. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात निकेल लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे कायद्याने हे पाणी ठीक. पण पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०२ आहे, त्याच्या हे शंभरपट. एकूण निकेल किती? ४० ग्रॅम. मुठीत मावेल.

एक किलो वाळलेल्या जलपर्णीत सरासरी ५०० मिलिग्रॅम निकेल साठलं असं धरू. मग ४० ग्रॅमसाठी ८० किलो वाळलेली जलपर्णी लागेल. पण जलपर्णीत ९५ टक्के पाणीच असतं, म्हणजे ओली लागेल १,६०० किलो! दाट वाढलेली जलपर्णी चौरस मीटरला २० किलो धरली तर ८० चौरस मीटर जागा, आणि त्यात आपलं पाणी जेमतेम पंचवीस सेंटिमीटर खोल. आकडे झाड, ऋतू आणि धातू यांप्रमाणे बदलतील, पण अंदाज बांधायची रीत हीच. घराच्या अंगणातल्या चार कुंड्यांत कारखान्याचं पाणी का शुद्ध होत नाही, याचं उत्तर या गुणाकारात आहे. टाकी उथळ का हवी, हेही त्यातच. मुळांच्या खालून वाहून गेलेलं पाणी आलं तसंच बाहेर पडतं.

रोपं आणल्यावर ती पहिले काही दिवस साध्या पाण्यात ठेवा, मग थोडं थोडं प्रदूषित पाणी मिसळत जा. शेजारी झाडं नसलेली एक लहान टाकी भरून ठेवा, पाणी तेच. ही तुलनेची टाकी बहुतेक जण वगळतात आणि तिथेच फसतात. झाडं नसतानाही काही धातू आपोआप खाली बसतो, भिंतीला चिकटतो. तेवढा वजा केल्याशिवाय झाडाने काय केलं ते कळत नाही.

आणखी एक गफलत बाष्पीभवनाची. जलपर्णी उघड्या पाण्यापेक्षा जास्त पाणी हवेत सोडते. एप्रिलमध्ये टाकीतली पातळी भराभर उतरते आणि उरलेल्या पाण्यात धातू दाट होतो. अहवालात आकडा तोच आलेला बघून माणूस हिरमुसतो, आणि प्रत्यक्षात निम्मा धातू गेलेला असतो. किंवा याच्या उलट, पावसाने टाकी भरली आणि आकडा खाली आला की उगाच पेढे वाटले जातात. म्हणून नुसता लिटरमागचा आकडा पाहू नका. टाकीत त्या दिवशी किती लिटर पाणी आहे त्याने गुणा आणि एकूण ग्रॅम लिहून ठेवा.

पानं पिवळी पडू लागली तर लगेच धातूला दोष देऊ नका. मुलामा दिलेल्या वस्तू धुतलेल्या पाण्यात धातू असतो, पण झाडाला लागणारं नत्र जवळपास नसतं. झाड उपाशी असतं. नदीत जलपर्णी माजते ती मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. टाकीत थोडं नत्र द्यावं लागतं. स्फुरद जपून, कारण ते शिशाला धरून खाली बसवतं आणि झाडाच्या वाट्याला दोन्ही येत नाहीत. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणी कमी सोडायचं.

आता काढणी. सगळ्यात जास्त प्रकल्प इथे फसतात. उबेतली, खाऊन-पिऊन सुखी असलेली जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. टाकी भरली की वाढ थांबते, खालची पानं कुजू लागतात, आणि झाडाने धरलेला धातू पुन्हा पाण्यात सुटतो. दोन महिने कोणी फिरकलं नाही तर टाकीतून बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्यापेक्षा वाईट असू शकतं. म्हणून झाडं तजेलदार असतानाच, ठरलेल्या दिवशी, साधारण चौथा हिस्सा काढत राहायचं. काढायचं मुळासकट; धातू मुळांतच जास्त असतो. काढलेली झाडं टाकीच्या काठावरच जाळीवर निथळू द्या, म्हणजे निथळणारं पाणी परत टाकीत जाईल. डास होऊ नयेत म्हणूनही दाटी मोडावी लागते. जलपर्णी आणि गोंडाळ यांच्या मुळांतून श्वास घेणाऱ्या अळ्यांची एक डासजात हत्तीरोग पसरवते.

आणि मग हातात उरतो तो ढीग.

अस्तर घातलेल्या, पत्रा टाकलेल्या जागेत तो वाळवा. आपल्या उदाहरणातला सोळाशे किलोंचा ढीग ८०-९० किलोंवर येतो. त्याचा नमुना तपासा. किलोला ५०० मिलिग्रॅम निकेल निघालं, तर लक्षात घ्या की खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये निकेलची मर्यादा किलोला ५० मिलिग्रॅम आहे. दहापट! कंपोस्ट केलं तर पाला कुजून वजन घटतं, निकेल तेवढंच राहतं, आकडा आणखी चढतो. गांडूळखताने प्रश्न सुटत नाही, आणि बायोगॅसमध्ये टाकलं तर धातू स्लरीत उतरतो. गुरांना घालायचा तर प्रश्नच नाही; चाऱ्यासाठी अझोला वाढवणाऱ्यांनी तो कारखान्यांच्या पाण्यावर कधीच वाढवू नये. जाळलं तर पारा आणि कॅडमियम धुरात जातात, उरलेले धातू राखेत साठतात.

मग रस्ता एकच. धातूने भरलेला पाला घातक कचरा ठरू शकतो, आणि तसा ठरला की त्याला २०१६ चे घातक कचरा नियम लागू होतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी इथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायचा. खर्च येतो. तो पहिल्या दिवसाच्या अंदाजपत्रकातच धरा, कारण नंतर कोणी पैसे काढत नाही आणि गोणी शेडच्या मागे कुजत पडतात. एवढा व्याप असूनही हे करण्यात अर्थ आहे. वीस हजार लिटर पाण्यातला धोका नव्वद किलोंच्या काही गोणींत आला, आणि गोणी कुलपात ठेवता येतात.

पुलावरच्या त्या माणसाला उत्तर द्यायचं तर इतकंच, की नदीतली जलपर्णी धातू घेत असली तरी तिच्या वजनाचा हिशेब कोणी ठेवत नाही. काठावर टाकलेला ढीग पहिल्या पावसात परत नदीत उतरतो. कारखान्यांच्या खालच्या अंगाला काढलेल्या जलपर्णीचं खत करण्याची योजना कोणी मांडली, तर आधी तपासणीचा कागद बघायला मागा.

राहता राहिला टाकीच्या तळाचा काळा गाळ. झाडं गेली तरी हा साठत राहतो, आणि धातूचा मोठा हिस्सा त्यात असतो. पाण्याखाली, हवेविना असेपर्यंत त्यातला धातू सल्फाइडच्या रूपात बांधलेला असतो. टाकी रिकामी ठेवली, गाळ उन्हात सुकला, की हवेतला प्राणवायू त्याला लागतो आणि धातू पुन्हा विरघळणाऱ्या रूपात येतो. म्हणून उन्हाळ्यात टाकी कोरडी पडू देऊ नका. काही वर्षांनी गाळ उपसायची वेळ आली, की तो ओला असतानाच नमुना तपासायला द्या, आणि अहवाल हातात येईपर्यंत शेतात न्यायला कोणालाही देऊ नका.